साक्ष द्यायला उभे राहिलात तर काय सांगाल? (कृपा आणि कृपादाने : अनुभव धागा)

रविवारची बाई

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या, रविवारी साक्षीसाठी वेळ ठेवतात. लोक उभे राहून सांगतात : मुलीला नोकरी लागली, कर्ज मंजूर झालं, कॅनडाचा व्हिसा आला, ऑपरेशन नीट पार पडलं. सगळे 'हालेलुया' म्हणतात, मीही मनापासून म्हणते. पण संडे स्कूलचा वर्ग घेते तेव्हा पंचाईत होते. पोरं सरळ विचारतात, "बाई, ज्याचा व्हिसा नाकारला त्याच्यावर कृपा नाही का?"

प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिलंय की तारण कृपेने झालं, विश्वासाच्या द्वारे झालं, ते तुमच्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे. कमाई नाही म्हणजे नाही. आणि त्याच पौलाने कृपादानांच्या, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या दानांच्या, ज्या याद्या आपल्या पत्रांत दिल्यात (रोमकरांस अध्याय १२, १ करिंथकरांस १२, इफिसकरांस ४) त्या शेजारी शेजारी ठेवून बघा. एकमेकींशी जुळतच नाहीत. परभाषा (प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलणं) फक्त करिंथच्या यादीत, दया करणं फक्त रोमच्या, पाळक फक्त इफिसच्या. मला वाटतं, यादी पुरी करावी असं त्याच्या मनातच नव्हतं.

तर यादीतलं लिहा, यादीबाहेरचं लिहा. अट एकच : नोकरी, व्हिसा, बंगला सोडून. आणि कोणाची, कोणत्या मंडळीची नावं नकोत.

भिंगारकर

हंगामाचा सण ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच कळेल. लोक शेतातलं, घरातलं आणतात. ज्वारीची कणसं, भोपळा, गवार, अंडी, कोंबडी, कोणी बिनशेतीवाला खोबरेल तेलाची बाटली. उपासना झाली की आवारात लिलाव. पाचशेला घेतलेला भोपळा घेणारा परत टेबलावर ठेवतो, तो पुन्हा चारशेला जातो, तिसरा पुन्हा ठेवतो. संध्याकाळपर्यंत एकाच भोपळ्यातून छपराच्या पत्र्यांचे पैसे निघतात.

या सगळ्या गोंधळात माझे चुलते टेबलामागे वही घेऊन बसायचे. आयुष्यभर खजिनदार. गायला येत नाही, प्रार्थना दोन वाक्यांत उरकायची, भाषण तर नाहीच. मंडळीत दोनदा फूट पडायची वेळ आली आणि दोन्ही वेळा भांडण पैशावरून होतं. दोन्ही वेळा काकांनी वही उघडून समोर ठेवली. एक रुपया इकडचा तिकडे नाही. लोक गप्प घरी गेले.

करिंथच्या यादीत शेवटी शेवटी, परभाषांच्या आधी, 'व्यवस्था पाहणारे' येतात. वाचताना सगळे त्यावरून घाईने पुढे जातात. काकांना मी हे दाखवलं तर म्हणाले, "तो हिशोब आहे रे, त्यात कृपा कसली."

शारजाकर

बाई, तुमची अट मला मान्य नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

माझे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. हंगाम संपला की घरात काय असायचं ते ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. मला व्हिसा आला त्या आठवड्यात आईने दुकानदाराची उधारी फेडायची तारीख त्याला सांगितली. पहिल्यांदाच तारीख. तुम्ही म्हणाल ही कृपा नव्हे, ही सोय. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' हे 'आमची ऋणे आम्हांला सोड' च्या आधी येतं. ज्याच्या घरात भाकर आहे त्याला ती ओळ पटकन म्हणून पुढे जाता येतं.

इथे शारजात शुक्रवारची सुट्टी म्हणून उपासनाही शुक्रवारी असायची. लेबर कॅम्पातून पोरं बसने यायची. कोणाच्या साक्षीत बंगला नव्हता. 'पगार वेळेवर झाला' एवढीच साक्ष. तिला हालेलुया म्हणू नको असं मी कसं सांगू?

लेकाची आई

मी दुसऱ्या टोकाला आहे.

माझा मुलगा जन्मापासून चालत नाही, बोलणं तुटक. मेंदूला जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला. आरोग्यप्रार्थनेच्या किती सभांना नेलं ते आता मोजत नाही. एका सभेत स्टेजवरच्या माणसाने माईकवरून विचारलं, "आईचा विश्वास आहे का?" हजारो लोकांसमोर. मूल बरं झालं नाही, आणि दोष माझ्या खात्यावर लागला. घरी येताना रिक्षात नवरा काही बोलला नाही, ते त्याचे उपकार.

आपल्या शरीरात एक काटा आहे असं पौल लिहितो, पण तो काय होता हे सांगत नाही. तो निघावा म्हणून तीनदा विनवणी केली एवढंच सांगतो, आणि उत्तर आलं : 'माझी कृपा तुला पुरे आहे.' काटा निघाला नाही. स्टेजवरचा माणूस पौलाला काय म्हणाला असता, असा प्रश्न मला फार वेळा पडतो. हे वचन लोक माझ्या तोंडावर फेकतात तेव्हाही राग येतो बरं का. ते पौलाने स्वतःबद्दल लिहिलंय, शेजारणीला गप्प करायला नाही.

आता कृपेबद्दल. आमच्या मंडळीत एक म्हाताऱ्या बाई आहेत, शाळेत शिपाई होत्या. उपदेश सुरू झाला की माझा मुलगा आवाज करतो. त्या उठतात, त्याची खुर्ची ढकलत बाहेर कडुनिंबाखाली नेतात आणि उपासना संपेपर्यंत त्याच्याशी गप्पा मारतात. तो काय म्हणतो ते त्यांना कळतं असं त्यांचं म्हणणं आहे. मला कधी विचारलं नाही, उपकार केल्यासारखा चेहरा नाही. रोमकरांसच्या यादीत 'दया करणाऱ्याने' पुढे काय लिहिलंय ते बघा : हसतमुखाने. मला त्या अर्ध्या तासात उपदेश ऐकू येतो. बहुतेक वेळा तो कंटाळवाणा असतो, पण तो माझ्या वाट्याला येतो.

मुक्तीची पणती

माझ्या आजोबांची आई १९०० च्या दुष्काळात गुजरातहून केडगावला आलेल्या मुलींपैकी. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात वाढली, तिथेच लग्न जमलं. गाव आठवत नव्हतं, आडनाव आठवत नव्हतं, गुजराती चार शब्द शेवटपर्यंत राहिले.

१९०५ साली मुक्तीत संजीवन (मोठी आध्यात्मिक जागृती) झालं हे बहुतेकांना माहीत असेल. मुली रात्र रात्र प्रार्थना करत, रडत, आत्म्याने भरल्या जात, पुढे परभाषाही बोलू लागल्या. पेंटेकॉस्टल चळवळीचा (आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या मंडळ्यांचा) इतिहास लिहिणारे सुरुवात म्हणून अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरचं १९०६ सालचं संजीवन सांगतात, पण आमचं केडगाव त्याच्या आधीचं. हे मी जरा फुशारकीनेच लिहितेय, माफ करा.

पणजी त्या दिवसांत तिथेच होती. तिला परभाषा आली नाही. आजोबा सांगायचे की तिला आयुष्यभर विचारलं गेलं, "तू तर तिथली, तुला काय मिळालं?" ती म्हणायची, "मला अक्षरं मिळाली." मुक्तीचा छापखाना मुलीच चालवायच्या. पणजी छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवायची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबल तिथेच छापलं गेलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, संपूर्ण ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये. त्याची काही पानं तरी पणजीच्या हातची असणार असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. पुरावा काही नाही.

रमाबाईंनी स्वतः परभाषांना विरोध केला नाही, पण आत्मा मिळाल्याची ती एकमेव खूण आहे हेही मानलं नाही. ज्या सदनात हे सगळं घडलं, तिथल्याच बाईचं हे मत आहे.

तटस्थ वाचक

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. वाचतोय. देवाची कृपा न मागता होते, आपली पात्रता नसताना होते, हे आमच्याकडे नवं नाही. मग फरक कुठे?

रविवारची बाई

नारायण वामन टिळकांनी तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगून ठेवलंय, तेव्हा शेजार तुम्ही म्हणता तसाच आहे. आमच्याकडे ती कृपा एका माणसाच्या मरणाशी आणि पुनरुत्थानाशी बांधलेली आहे, वधस्तंभ बाजूला ठेवून तिच्याबद्दल बोलता येत नाही. हा फरक लहान नाही. वाद इथे नको, पण वाचत राहा.

शेवगावचा

तटस्थ वाचक, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर आहे. आमचं घर महारवाड्यातलं. अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेच्या काळात खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट प्रार्थनेची नाही, चमत्काराचीही नाही. पहिल्या प्रभुभोजनाची आहे. प्याला एकच. ब्राह्मण घरातून आलेले पाळक आधी प्याले, मग तोच प्याला खापरपणजोबांच्या हातात आला, आणि त्यांच्यानंतर तो दुसऱ्या कोणाकडे गेला. कोणी पुसला नाही, धुतला नाही. गावात विहिरीवर ज्यांना वरून पाणी ओतायचे, त्या माणसाच्या ओठाला लागलेला प्याला पुढे गेला.

आज्जी सांगायची की त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. का, ते कोणाला सांगितलं नाही.

कृपा म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. पात्रता ठरवणारी सगळी व्यवस्था गावात जागच्या जागी होती, ती त्या टेबलाजवळ लागू झाली नाही. इतकंच. त्यांनी काहीही केलं नव्हतं, फक्त हात पुढे केले होते.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर हे गोड होईल. आजही सोयरीक जमवताना आमच्या मंडळ्यांत 'मूळचे कोण' हे विचारतात. हळू आवाजात, पण विचारतात. महार आणि मांग ख्रिस्ती घरांत लग्न ठरलं तर अजून कुजबुज होते. आणि सरकारदरबारी, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्याला नाही. शीख दलितांना तो १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये, आम्हाला नाही. माझ्या बहिणीची मेडिकलची जागा थोडक्या मार्कांनी गेली तेव्हा वडिलांना एक नातेवाईक म्हणाले, "कागदावर हिंदू राहिला असतात तर." वडील म्हणाले, "प्याला परत करू का मग?"

कृपा फुकट असते, हे खरं. घेणाऱ्याला ती स्वस्तात पडते असं मात्र आमच्या घराने पाहिलेलं नाही.

कुपारी वसईचा

कॅथलिक बाजूनेही कोणीतरी लिहावं म्हणून लिहितो. दृढीकरणाआधी (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) आम्हाला पवित्र आत्म्याची सात दानं पाठ करायला लावली होती : सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती, देवाचं भय. यशयाच्या अकराव्या अध्यायातून आलेली. तुमच्या पौलाच्या याद्यांपेक्षा वेगळी यादी, म्हणजे आता चार झाल्या. बिशपांनी कपाळाला तेल लावलं, घरी वडे आणि मटण, विषय संपला.

पुढे आमच्या वाडीचं प्रकरण झालं. फादर दिब्रिटोंच्या हरित वसई या वसईची हिरवाई वाचवण्याच्या चळवळीचा काळ, गावोगाव जमिनीवरून वातावरण तापलेलं. आजोबांनी केळी आणि पानवेली लावलेली वाडी. भावाने त्याचा हिस्सा बिल्डरला विकला. मी मोर्च्यात, आणि माझ्याच बांधाला लागून जेसीबी. अनेक वर्षं बोलणं बंद.

मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) एकमेकांना शांती द्यायची वेळ येते. आपण आजूबाजूला वळून नमस्कार करतो. मी नेहमी भावापासून दूरचा बाक बघून बसायचो. एका सणाला गर्दीत तो नेमका माझ्या शेजारी आला. फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. मी हात जोडले. ठरवून नाही, सवयीने. त्यानेही जोडले. सातांपैकी हे कोणतं दान ते मला सांगता येत नाही, कारण मला क्षमा करायचीच नव्हती. वाडी गेलीच, तिथे चार मजली इमारत आहे. आता आम्ही बोलतो. जमिनीबद्दल नाही.

पिंपरीचा पेत्र

परभाषेबद्दल थोडं खट्टू वाटलं, म्हणून लिहितो. मी कंपनीत शिफ्टला आहे. मला ते दान आहे. वर्णन करणं अवघड. शब्द संपतात आणि प्रार्थना चालू राहते, एवढंच. मी त्याने कोणापेक्षा मोठा झालो नाही. सेकंड शिफ्टवरून येताना बसमध्ये मनातल्या मनात चालतं, शेजारच्याला कळतही नाही. सभेत मोठ्याने बोलायचं तर दोघांनी किंवा फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा असेल तरच, नाहीतर गप्प राहावं, असं पौलानेच १ करिंथकरांस १४ मध्ये लिहिलंय. आमच्याकडे एक ताई अर्थ सांगतात.

लेकाची आई, तुमचं वाचून वाईट वाटलं. आमच्या सभांतही असं विचारलं जातं.

लेकाची आई

पेत्र, राग तुमच्यावर नाही. एक विचारते. त्याच अध्यायात पुढे असंही आहे ना, की संदेश देणाऱ्यांनी बोलावं आणि इतरांनी त्याची पारख करावी? ताई अर्थ सांगतात, स्टेजवरून संदेश येतात, 'अमक्याच्या घरी शाप आहे' वगैरे. पारख कोण करतं?

शारजाकर

चांगला प्रश्न. मलाही उत्तर हवंय.

पिंपरीचा पेत्र

खरं सांगायचं तर कोणी करत नाही. आमेन म्हणतो सगळे. वचन मी काढून बघितलं, तुम्ही म्हणता तसंच आहे, एकोणतिसावं. शुक्रवारी उपवास प्रार्थना आहे. पाळकांना सगळ्यांसमोर नाही, पण नंतर चहाच्या वेळी विचारतो. काय म्हणाले ते इथे लिहीन.