ज्येष्ठता डावलली तेव्हा

दादा, सर्वोच्च न्यायालयात कोण बसलं याचं खेड्यातल्या माणसाला काही सोयरसुतक नसतं, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. १९७३ आठवा. संसदेला राज्यघटना किती बदलता येते याबद्दलच्या केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिलला लागला आणि दुसऱ्याच दिवशी शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश केल्याचं जाहीर झालं. तिघांचाही कौल सरकारविरुद्ध गेला होता. तिघांनीही राजीनामे दिले, देशभरात वकिलांनी निषेध केला.

आपल्या मराठवाड्यात तेव्हा दुष्काळ. माझे वडील परभणीला कोर्टाबाहेर अर्ज लिहून द्यायचे. बांधाच्या भांडणाची तारीख होती म्हणून एकजण दुष्काळी कामावरून आला होता, खडी फोडून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. वडिलांनी पेपर वाचून दाखवला तर तो म्हणाला, "म्हंजी ज्याच्या इरुद्ध निकाल गेला, त्यानंच जज नेमायचा व्हय?" वडील हे सांगताना दरवेळी थोडं थांबायचे.

आणि १९७७ मध्ये सरन्यायाधीश नेमताना न्यायमूर्ती खन्नांनाही डावललंच की! आणीबाणीत जगण्याच्या हक्कासाठी पाच न्यायमूर्तींत एकटेच वेगळा निकाल देणारे ते.