हात बदलायचा तो जोडीकडे बघून
अमेरिकन माहजाँग या टाइल्सच्या खेळात ‘चार्ल्स्टन (सुरुवातीची टाइल्सची अदलाबदल) संपला की एकच हात (कार्डावरच्या यादीतली जुळवायची रचना) धरा, मग हलू नका’ असा सल्ला देतात, तो मला पटत नाही. यात जोकर (दुसऱ्या टाइलच्या जागी चालणारी टाइल) तीन किंवा जास्त टाइल्सच्या गटात चालतो, जोडीत नाही. शिवाय टाकलेली टाइल जोडीसाठी उचलता येते ती फक्त हात पूर्ण होत असेल तरच. म्हणून मी आधी जोडी बघते. मागच्या आठवड्यात मला सात बॅमची (बांबूच्या सात आकड्याची टाइल) जोडी हवी होती, माझ्याकडे एकच होता. टेबलावर आणखी दोन पडले तरी मी थांबले, तिसराही पडला. चारच असतात, हात तिथेच मेला! दुसरा पडला तेव्हाच हात बदलायला हवा होता.

आणि गट उघडा मांडण्याआधी तो कार्डावरच्या दुसऱ्या हातातही बसतो का, एवढं नक्की बघा.