वारल्यांचा १९४५चा लढा: मागण्या मजुरीच्या, मग जमिनीचं काय?

टिपणवही: ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या मागण्या वाचतोय: वेठ बंद, लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी राबणारे) मुक्त, गवतकापणीला ५०० पौंडांमागे अडीच रुपये. जमिनी तर कधीच सावकारांनी गिळल्या होत्या. मग त्या परत मागण्यापासून सुरुवात का नाही?

डोंगरपट्टी: जमीन गेली ती कागदावर. इंग्रजी मोजणीनंतर सारा रोखीत भरायचा. रोकड नाही म्हणून सावकार, आणि पावसाळ्यात खावटीचं धान्यही त्याच्याकडूनच. पुढे वारली स्वतःच्याच शेतात कूळ. हे उलटवायचं तर कोर्ट, आणि कागद सगळे सावकाराच्या पेटीत. वेठीला मात्र नुसतं ‘येत नाही’ म्हटलं की भागतं. जानेवारी १९४५ला टिटवाळ्याच्या किसान परिषदेत काही वारली गेले, २३ मे रोजी झरीच्या सभेत वेठ नाकारायचं ठरलं. लग्नासाठी कर्ज काढून नवरा-बायको दोघं राबत, त्या लग्नगड्यांना माणसं गावोगाव जाऊन सोडवून आणत. त्यासाठी वकील लागला नाही.

गवतगंजी: गवताचा मुद्दा किरकोळ समजू नका. पाऊस सरला की कापणीला थोडेच आठवडे मिळतात. उशीर झाला की गवत वाळून कस जातो, वर वणव्याची धास्ती. माल मुंबईच्या बाजारात जायचा. म्हणून ऑक्टोबरातला संप जमीनदाराच्या वर्मी बसला. शिवाय दर वजनाला बांधला (५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो) की ‘दिवसभर राब’ हे बंद होतं. उत्तरही तसंच आलं. किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठवून १० ऑक्टोबरला तलवाड्यात वारली गोळा केले गेले, पोलिसांना भलतंच सांगितलं गेलं, गोळीबारात पाच जण मेले. तरी १९४६त जंगलकामाला सव्वा रुपया रोज मागून पुन्हा संप झालाच.

जुना सातबारा: जमिनीचा हिशेब नंतर आला, तोही अर्धवट. १९४८च्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ला कुळं मालक व्हायची होती, पण तोंडी कुळाचं नाव पीकपाहणीत नसेल तर दावा लटका पडतो. टिपणासाठी सातबाऱ्यावर थांबू नका, त्यामागचे फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) काढा. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. त्या तालुक्याचा काही भाग १९६०ला गुजरातेत गेला, तेव्हा एकाच दप्तरखान्यात सगळं मिळेल असं धरू नका.

टिपणवही: १९७४च्या आदिवासींना जमीन परत देण्याच्या कायद्याखाली हे येतं का?

जुना सातबारा: नाही. तो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मधल्या हस्तांतरांपुरता. इंग्रजी अमलात गेलेली जमीन त्याच्या बाहेरच.