मदत हवी आहे: चुकीचा पासवर्ड टाकला तरी सर्व्हर आत घेतोय

काटापावती_रावेर

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातल्या एका केळी पॅकहाउसचा हिशोब मी बघतो. कॉम्प्युटरचं खातंही माझ्याकडेच, कारण दुसरं कोणी हात लावायला तयार नाही. शेतकऱ्यांची नावं, बँक खाती, कापणीच्या पावत्या, गाडीभाडं, कोल्ड स्टोरेजमधला साठा, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये आहे. २०१२ साली बसवलंय. डेटा मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये, सर्व्हर टेबलाखाली.

परवा संध्याकाळी काट्यावरचा पोरगा लॉगिन करत होता. हाताला केळीचा चीक, त्यात एंटरचं बटण दाबलेलंच अडकलं. ‘पासवर्ड चुकीचा आहे’ ही खिडकी टपाटप येत-जात राहिली आणि एकदम मुख्य स्क्रीन उघडली. "भो, उघडलं ना!" म्हणत तो पावत्या करायला बसलासुद्धा. नंतर विचारलं तर त्याने टाकलेला पासवर्ड मागच्या वर्षीचा होता. तो मी स्वतः बदलला होता.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. "कॅप्स लॉक बघा" म्हणाला. आता यावर काय बोलणार? शेठ म्हणतात, उघडतंय ना, मग तक्रार कसली. मला मात्र झोप नाही. हे नेमकं काय आहे? कापणी जोरात चालू आहे, सर्व्हर दिवसा बंद ठेवता येणार नाही.

जुना_अडमिन

दादा, दोन गोष्टी सांगा. मायएसक्यूएलची आवृत्ती कोणती, आणि खाली ऑपरेटिंग सिस्टिम कोणती? बाहेरून कोणी जोडतं का?

काटापावती_रावेर

५.५.२२. उबुंटू १२.०४, ६४ बिट. बसवल्यापासून अपडेट नाही, "चालतंय त्याला हात लावू नका" असं सांगून गेले होते. शेठना घरून साठा दिसावा म्हणून राउटरवर ३३०६ पोर्ट (मायएसक्यूएलचं दार) उघडा ठेवलाय. प्रत्येकाचं लॉगिन म्हणजे थेट मायएसक्यूएलचंच युजरनेम आहे.

जुना_अडमिन

मग बाकी काही करण्याआधी राउटरवरचा ३३०६ बंद करा. उत्तर पुढचं वाचायच्या आधी.

केला? आता ऐका. ही जुनी आणि नामांकित चूक आहे, सीव्हीई-२०१२-२१२२ (सुरक्षेतल्या चुकांच्या जागतिक यादीतला तिचा क्रमांक), जून २०१२ मध्ये उघड झालेली. तुम्ही पाठवलेल्या पासवर्डपासून एक सांकेतिक मजकूर बनतो आणि साठवलेल्याशी ताडून बघितला जातो. जुळला तर शून्य, नाही तर दुसरा कुठला तरी आकडा. मायएसक्यूएलने तो आकडा एका बाइटच्या डब्यात कोंबला, ज्यात २५६च वेगवेगळे आकडे मावतात. तुमच्या भाषेत सांगतो: काट्याच्या डिस्प्लेवर शेवटचे दोनच आकडे दिसत असतील, तर ३०० किलोची केळी चढवली तरी ००च दिसणार आणि हमाल म्हणणार काटा रिकामा आहे. तसंच इथे. आकडा २५६ असला तरी डब्यात शून्य उरतं, आणि सर्व्हर समजतो पासवर्ड बरोबर. प्रत्येक लॉगिनला त्या ताडणीत नवा यादृच्छिक मजकूर मिसळतो, म्हणून दर प्रयत्नाला साधारण २५६ मध्ये एक संधी. तुमच्या चिकट एंटरने तेवढे प्रयत्न करून दिले.

सगळ्यांना ही बाधा नव्हती. मायएसक्यूएलच्या अधिकृत बायनरी (तयार प्रोग्राम फाइली) सुटल्या, रेडहॅट लिनक्सही सुटलं. ६४ बिट उबुंटूच्या त्या काळच्या आवृत्त्या सापडल्या. युजरनेम तेवढं माहीत हवं, आणि ‘रूट’ हा मुख्य युजर तर बहुतेक ठिकाणी असतोच.

खानदेशी_कोडर

पासवर्ड बदलून काही उपयोग नाही हेही सांगा. कुलूप मोडलंय, नुसती किल्ली बदलून काय होणार.

जुना_अडमिन

बरोबर, पण अपडेटनंतर बदलायचेच. कोणी आत शिरला असेल तर सगळ्यांचे पासवर्ड-हॅश (तेच साठवलेले सांकेतिक मजकूर) उचलले असतील. मायएसक्यूएलमध्ये दुरुस्ती ५.५.२४ मध्ये आली. आज रात्री शेवटची गाडी गेली की मायएसक्यूएल-डंपने बॅकअप घ्या, तो पेनड्राइव्हवर वेगळा ठेवा, मग अपडेट करा. ‘रूट’ला कुठल्याही होस्टवरून (म्हणजे मशीनवरून) परवानगी असेल तर काढा. होस्टची तपासणी पासवर्डच्या आधी होते, त्यामुळे नको असलेलं मशीन दारातच अडतं. फायरवॉलमध्ये तुमच्या कॉम्प्युटरांचेच आयपी ठेवा.

आणि उबुंटू १२.०४चा नेहमीचा आधार एप्रिल २०१७ लाच संपला. नवीन मशीन घ्यावंच लागेल. पण मायएसक्यूएल ८.० डोळे झाकून टाकू नका. त्यात लॉगिनची पद्धत बदलली आहे, तुमच्या सॉफ्टवेअरचा २०१२चा ड्रायव्हर तिथेच अडकेल.

काटापावती_रावेर

पोर्ट बंद केला. शेठचा पाच मिनिटांत फोन आला, साठा दिसत नाही म्हणून. सांगितलं, राउटर बिघडलाय. (खोटं बोललो, पण रात्रीपुरतं चालेल.)

मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड देणारी छोटी स्क्रिप्ट चालवली. पहिल्यांदा १४० व्या प्रयत्नाला आत, दुसऱ्यांदा ३९१ व्या. मिनिटही लागला नाही. स्क्रीनकडे बघून घाम फुटला.

आता एकच प्रश्न. आधी कोणी आत येऊन गेलंय का, हे कसं कळेल? शेतकऱ्यांची बँक खाती आहेत त्यात.

जुना_अडमिन

जनरल लॉग, म्हणजे प्रत्येक जोडणीची नोंद, चालू होता का?

काटापावती_रावेर

नाही. एरर लॉग आहे, पण त्यात नकार दिलेले लॉगिन दिसत नाहीत.

जुना_अडमिन

‘लॉग-वॉर्निंग्ज’ ही सेटिंग १ वर असणार. नाकारलेले लॉगिन २ पासून नोंदले जातात. मग मायएसक्यूएलमधून मागचं कळणार नाही. राउटरचा लॉग असेल तर आत्ताच उतरवून घ्या, बंद-चालू केला की बहुतेक राउटर तो पुसतात. आणि सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) २०२२ चा नियम बघा: घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं. लॉगमध्ये अनोळखी आयपी निघाला तर शेठना राउटर बिघडल्याचं सांगत बसू नका.

काटापावती_रावेर

राउटरचा लॉग उतरवतोय. शेठ आत्ताच फाटकातून आत आलेत.