पाचवी-सहावीच्या मुलांसाठी इतिहासाची पुस्तकं, कोणती घ्यावीत?

आरोहीची_आई:
लेक यंदा सहावीत गेली. चौथीचं शिवरायांचं पुस्तक तिने इतक्या वेळा वाचलंय की पाठच झालंय, आणि आता पुढचं सांग म्हणून मागे लागलीये. दुकानात गेलं की दोनच प्रकार दिसतात, एक तर सोळा पानी चित्रांची पुस्तकं जी तिला आता 'बाळांची' वाटतात, नाहीतर थेट मोठ्यांच्या जाडजूड कादंबऱ्या. आजोबांनी हौसेने 'श्रीमान योगी' हातात ठेवलं, ते सुरुवातीलाच कंटाळून बाजूला पडलं. मधल्या वयाचं काही असतं की नाही? फक्त लढायाच नकोत प्लीज आणि सगळं शिवकालीनच हवं असंही नाही. मराठी मीडियम आहे, वाचायचा स्पीड चांगला आहे. बजेट हजारेक रुपये.

गडवाट:
नावं इतर लोक देतीलच, मी दुकानात उभ्या उभ्या पुस्तक कसं तपासायचं ते सांगतो. शिवकालावरचं कुठलंही पुस्तक असेल तर सरळ तानाजीचं पान उघडा. घोरपड लावून कडा चढले असं बिनधास्त छापलं असेल तर ठेवून द्या. घोरपड आहे पोवाड्यात. सभासदाची बखर जवळच्या काळातली, राजाराम महाराज जिंजीला असताना लिहिलेली, त्यात मावळे वानरासारखे कडा चढले असं आहे, घोरपड नाही. आणि 'सिंह गेला' म्हणून सिंहगड नाव पडलं म्हणतात, पण १६७० च्या आधीच्या महाराजांच्या पत्रातच सिंहगड हे नाव येतं. जो लेखक 'पोवाड्यात असं आहे, बखरीत असं आहे' एवढं एका ओळीत का होईना सांगतो त्याचं पुस्तक घ्या, कारण अकरा वर्षांच्या पोराला 'हे आपल्याला कुणी सांगितलं' हा प्रश्न मस्त कळतो, आपणच विचारू देत नाही.

सातारी_मिसळ:
@गडवाट अहो पोरांना घोरपडच तर आवडते! ती काढली तर मग उरलं काय, सनावळ्या?

गडवाट:
काढा कुठे म्हणतोय, पोवाडा म्हणून ऐकवा ना, डफावर ऐकवा. आणि खऱ्या कागदात गंमत कमी आहे असं कुणी सांगितलं? चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला महाराजांनी पाठवलेलं पत्र मुलांना वाचून दाखवा. पावसाळ्यात दाणागवत जपून वापरा, कुणी आगट्या पेटवतील, रात्री दिवे तसेच ठेवतील, मग उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही रयतेच्या घरात घुसून धान्य उचलाल, ते चालायचं नाही. एवढं मोठं राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतोय! माझा भाचा तलवारीपेक्षा या उंदरावरच जास्त खूश झाला. शिवाय तुम्हाला लढाई नको होती, ही लढाई नाहीच.

ग्रंथालय_ताई:
मी शाळेच्या वाचनालयात आहे. माझा अनुभव असा की या वयाला गोष्टीत आपल्या वयाचं कुणीतरी लागतं. आग्र्याची सुटका सगळ्यांना माहितीये पण १६६६ मध्ये संभाजीराजे नऊ वर्षांचे होते, आणि सुटल्यावर वडील पुढे गेले आणि त्यांना मथुरेला लपवून ठेवलं होतं, हे सांगितलं की वर्ग चिडीचूप. दुसरं म्हणजे मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली चौदाएक वर्षांची मुलगी, तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला. मराठी जुनी आहे, दोन परिच्छेद तुम्हीच मोठ्याने वाचा, पण विद्यार्थिनीने लिहिलेलं म्हणून मुली लगेच कान टवकारतात. आणि नंदुरबारचा शिरीषकुमार, १९४२ च्या चळवळीत पोलिसांच्या गोळीला बळी पडलेला शाळकरी मुलगा.
पैसे खर्च करायच्या आधी 'किशोर'चे जुने अंक बघा, बालभारतीचं मासिक, १९७१ पासूनचं. जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत. इतिहासावरचे लेख छोटे असतात, दोन-तीन वाचून तिला काय आवडतं ते कळेल, मग तसं पुस्तक शोधा. अजून एक, सहावीला प्राचीन भारत आहे, तेव्हा त्या काळावरचं एखादं घेतलंत तर अभ्यासही होईल (हे तिला सांगू नका, अभ्यास म्हटलं की पुस्तक मेलं).

पेणकर:
गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'! आमच्या पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि नेमका सत्तावन्नच्या धामधुमीत सापडला, झाशीला वेढा पडला तेव्हा हा आत. रस्त्यात लुटलं गेलं, उपासमार झाली, पण गंगेची कावड काही सोडली नाही. मूळ पुस्तक १९०७ साली छापलंय, सगळंच्या सगळं या वयाला झेपणार नाही, आणि झाशी पडल्यानंतरची कत्तल तर तुम्ही आधी वाचून मगच ठरवा. पण प्रवासाचा भाग रात्री झोपताना थोडा थोडा वाचून दाखवलात तर उद्या काय झालं म्हणून स्वतःच विचारेल. सरदार-राजे नाही, साधा माणूस इतिहास सांगतोय ही मजा दुसऱ्या पुस्तकात मिळत नाही.

सातारी_मिसळ:
बरं मान्य. माझी एक भर, चित्रं नीट बघून घ्या. काही पुस्तकांत शत्रूकडचा प्रत्येक माणूस राक्षसासारखा काढलेला असतो, दात बाहेर वगैरे. दौलतखान महाराजांच्या आरमारात होता, सिद्दी हिलाल महाराजांच्या बाजूने लढला, ही माणसं त्या चित्रात कुठे बसवायची? पोरगी विचारेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

आरोहीची_आई:
धन्यवाद सगळ्यांना, 'किशोर'चे अंक आजच शोधते. तो उंदीर आजोबांना वाचून दाखवला, आता ते म्हणतात ते पत्र आधी मला पूर्ण वाचायचंय 😄 @गडवाट महाराजांची पत्रं सोप्या मराठीत अर्थासकट दिलेलं, या वयाला चालेल असं पुस्तक माहिती आहे का? @पेणकर भटजी झाशीला पोचेपर्यंतचा भाग या रविवारी सुरू करतेय, कत्तलीची पानं आधी स्वतः वाचून बघते.