गच्चीवरच्या बरण्या

मंजिरी (बी ३०२): गेटजवळच्या गावठी गुलाबाची फुलं कोण नेतंय? सकाळी ७ ला फुलं असतात, ८ ला नुसते देठ. सासूबाईंना देवाला एक फूल मिळत नाही.

अभ्यंकर काका (ए १०१): गच्चीची चावी नेताना रजिस्टरमध्ये सही करावी ही नम्र विनंती 🙏

मंजिरी: काका, मी फुलांचं विचारतेय.

अभ्यंकर काका: गच्चीवर ५ बरण्या उन्हात आहेत. आत पाकळ्या दिसतात. सही कोणाचीच नाही.

रोहित (सी ४०४): काकांनी तपास लावला 😂

सुलभाताई (बी २०१): बरण्या माझ्या. गुलकंद घातलाय, लपवायचं काय त्यात? सोसायटीचं एक फूल त्यात नाही. मार्केट यार्डातून २ किलो गावठी गुलाब आणलेत. गेल्या वर्षी घरोघरी वाटी पोचली तेव्हा कुणाला रजिस्टर आठवलं नाही ते.

मंजिरी: आमच्याकडे नव्हती पोचली.

सुलभाताई: तुम्ही गावाला होतात.

मंजिरी: मे महिन्यात? आम्ही दिवाळीत जातो. असो.

प्राची (सी १०३): ताई, प्रमाण सांगा ना. मी बुकेतल्या लाल गुलाबांचा करून बघितला, ८ दिवसांत बुरशी.

सुलभाताई: अगं, बुकेतले नाही घ्यायचे. पॉलिहाऊसमधले ते, औषधं मारलेले, आणि वास कुठे असतो त्यांना? गावठीच हवा, चुरगळला की हाताला वास राहतो तो. पाकळ्या धुवून पंचावर पसरायच्या, सावलीत, अगदी कोरड्या होईपर्यंत. पाकळ्यांच्या वजनाइतकी खडीसाखर जाडसर कुटून थरावर थर. तोंडाला मलमलचं फडकं. रोज ऊन, रोज कोरड्या चमच्याने वरखाली. ३-४ आठवडे लागतात. पाण्याचा थेंब गेला की बुरशी आलीच. तुझ्या पाकळ्या ओल्या राहिल्या असणार.

नाना (ए ३०३): उन्हाळ्यात पित्तावर उत्तम. प्रवाळपिष्टी घालता का? एक बाटली आमची धरा.

नानी (ए ३०३): सुलभा, धरू नकोस. परवाचा शुगरचा रिपोर्ट फ्रिजवर लावलाय, तो आधी वाचायला सांग यांना.

नाना: हे ग्रुपवर कशाला?

रोहित: रिपोर्ट वाचला म्हणून नानांना सही करायला लावा रजिस्टरमध्ये 😂

अभ्यंकर काका: रोहित, विषय चेष्टेचा नाही. गच्चीची चावी नेताना रजिस्टरमध्ये सही करावी ही नम्र विनंती 🙏

गणेश (सेक्रेटरी): गेटचे गुलाब जो कोणी नेत असेल त्यांनी नोंद घ्यावी. मावा पडल्यामुळे माळ्याने शनिवारी औषध फवारलं आहे. खाण्यात वापरू नयेत.

प्राची: शनिवारी सकाळी की संध्याकाळी?

मंजिरी: प्राची???

प्राची: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

रोहित: वाचला होता.

प्राची: फक्त २ दिवस घेतली. आणि झाड सगळ्यांचंच आहे ना. मेंटेनन्स आम्हीही भरतो.

मंजिरी: भरता, तीन महिने उशिरा.

गणेश: मेंटेनन्सचा विषय इथे नको. प्राचीताई, ते सगळं टाकून द्या, धुऊन उपयोग नाही.

सुलभाताई: प्राची, माझ्याकडून घेऊन जा गं बाटली. असली फुलं पोरांच्या तोंडात नको.

मंजिरी: बघा. आम्हाला वाटी नाही, हिला बाटली.

रोहित: सिंहगडाच्या बाजूला काळं झालंय. वारं सुटलं.

सुलभाताई: अगंबाई! बरण्यांवर नुसतं फडकं आहे. मी लक्ष्मी रोडला आहे. कुणीतरी वर जा पटकन.

मंजिरी: जाते मी.

मंजिरी: कुलूप आहे. चावी जागेवर नाही.

गणेश: शेवटची सही कोणाची आहे?

मंजिरी: थेंब पडायला लागले. वॉचमन रजिस्टर आणतोय.

मंजिरी: काका, तुमची आहे.

सुलभाताई: अहो काका!!

अभ्यंकर काका: चावी खिशात राहिली. मी बँकेत रांगेत आहे, १० मिनिटं लागतील. सही मात्र केलेली आहे.