बाजारातून गाडी उचलून नेली तर काय करायचं? दंड, टोइंग आणि गाडीची तपासणी

सुवर्णनगरी_१९

जळगावात नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. लग्नसराई लागली की चोपडा, अमळनेर, धरणगावकडचं गिऱ्हाईक बस्ता बांधायला येतं. फुले मार्केट, टॉवर चौक, गोलाणी मार्केटच्या आसपास जिथे फट दिसेल तिथे गाडी घुसवतात आणि बाहेर येऊन बघतात तर गाडी जागेवर नाही. मग पहिला प्रश्न दुकानदाराला. म्हणून गल्ल्याजवळ लावायला एका पानाचा कागद करायचा आहे. गाडी चोरीला गेली की उचलली हे कसं ओळखायचं, दंड किती, टोइंगची व्हॅन निघायच्या आत मालक पोचला तर काय, आणि ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी ओढून नेली तर काय बिघडतं, एवढं हवं. आमच्या लाइनीत सगळ्यांनी शटरवर ‘गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ असं रंगवलंय, त्याला काही अर्थ आहे का तेही सांगा. ऐकीव नको भाऊ, माहीतगारांनीच लिहा.

कोर्टचौक

आधी चोरी की टोइंग ते पाहू. आरसीला जोडलेल्या मोबाइलवर ई-चलानचा मेसेज येतो, पण तो नंबर बहुतेकांचा जुना असतो किंवा शोरूमवाल्याने स्वतःचाच टाकलेला असतो. मेसेज नसेल तर महाट्रॅफिक ॲपवर किंवा राज्याच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून बघा. तिथेही काही नसेल तर चौकातल्या वाहतूक पोलिसाला विचारा, नाहीतर ११२ ला फोन करा. चोरीची फिर्याद याच्यानंतर. मोबाइल नंबर परिवहनच्या पोर्टलवर बदलता येतो, ते काम घरी बसूनच उरकलेलं बरं. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल आली तर उघडूच नका. बँक खातं रिकामं करायचा तो सापळा आहे. खऱ्या साइटचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी लगेच उचलता येते किंवा तिला जॅमर लावता येतो. लोक ज्या दहा तासांचा हवाला देऊन भांडतात, ते दहा तास सार्वजनिक जागी बेवारस सोडलेल्या गाडीसाठी आहेत, नो-पार्किंगसाठी नाहीत. पण उचलायचा आदेश त्या हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलिसाने द्यायला हवा. व्हॅनवर नुसती ठेकेदाराची पोरं असतील आणि पोलीस कुठेच दिसत नसेल तर हरकत घ्या, व्हॅनच्या नंबरासकट फोटो काढा. ओढून नेण्याचा खर्च मालकाकडून घेता येतो, तोही दंडाखेरीज. ते याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात आहे.

दंड कलम १७७ खाली: पहिल्या वेळी ५००, त्यानंतर १५००. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे हे आकडे आहेत. ई-चलानमध्ये ‘आधीचा गुन्हा’ गाडीच्या नंबरावर निघतो, चालवणारा कोण होता यावर नाही. एकच मोटारसायकल तिघे भाऊ वापरत असतील तर एकाचं ५०० चं चलान झालं की पुढच्या वेळी दुसऱ्याला १५०० पडतात. रहदारीच कोंडली असेल तर कलम २०१ ही लागू शकतं.

व्हॅन निघायच्या आत पोचलात तर पोलिसाला किल्ली दाखवा, चलान जागेवरच करून गाडी खाली उतरवायला सांगा. बहुतेक वेळा ऐकतात. हा प्रघात आहे, हक्क म्हणून वाद घालू नका. आणि लोंबकळत्या गाडीत जाऊन बसायचा उद्योग तर करूच नका. उलट बाजूने, गाडीत माणूस असताना ती ओढणं पोलिसालाही महागात पडतं. २०१७ मध्ये मुंबईत मालाडला बाळाला पाजत असलेल्या बाईसकट गाडी ओढली होती, तो हवालदार निलंबित झाला.

शटरवरच्या रंगाला शून्य किंमत. जळगावला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे नो-पार्किंग जिल्हा प्रशासनाच्या अधिसूचनेने ठरतं, दुकानदाराच्या ब्रशने नाही. खरी पाटी गोल असते: निळी जमीन, लाल कड, एक तिरकी लाल रेघ. दोन रेघांची फुली असेल तर तिथे थांबायलाही बंदी. सम-विषम तारखेची पाटी असेल तर खालची छोटी पट्टी वाचा, लोक तिथेच चुकतात. हवा सोडलीत तर गुन्हा तुमच्यावर. सिमेंट भरलेला रंगाचा डबा आणि त्यात उभा केलेला पाइप जे रस्त्यात मांडतात, ते स्वतःच अडथळा करतात. भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ त्यालाही लागतं, दंड ५००० पर्यंत. मात्र पाटी नाही म्हणजे सगळं मोकळं असंही नाही. फूटपाथ, बसथांबा, दुसऱ्याचं फाटक आणि लावलेल्या गाडीच्या शेजारी दुसरी ओळ इथे पाटीशिवायही मनाई आहे.

गॅरेज_अजिंठाचौफुली

कायदा वर आलाय. पण माणूस तिथे ५०० साठी तासभर भांडतो आणि ५००० चं नुकसान न बघता गाडी घेऊन निघून जातो.

एक गोष्ट आधी समजून घ्या. इंजिन कोणत्या चाकांना फिरवतं आणि व्हॅनने कोणती चाकं उचलली, सगळा हिशेब या दोनच गोष्टींचा. स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन, अर्टिगा या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. पुढून उचलल्या तर मागची चाकं मोकळी फिरतात, गिअरबॉक्सला काही होत नाही. पण हँडब्रेक ओढलेला असतो ना! मग मागची चाकं फिरत नाहीत, घासत जातात. टायरला एका जागी चपटा डाग पडतो. अर्धवट ओढलेला असेल तर चाक फिरतं, पण ब्रेकचा ड्रम तापून आतले लायनर जळतात. यार्डात मागच्या चाकाजवळ जळका वास आला किंवा एक ड्रम दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर समजून जा. चपटा डाग नंतर हायवेला कळतो, साठच्या पुढे गाडी थरथरते. बॅलन्सिंग करून तो जात नाही, टायरच बदलावा लागतो.

तोंड दुकानाकडे करून लावलेली गाडी मागून उचलतात. तिथे खरा घोळ. पुढची चाकं जमिनीवर, गिअर पडलेला, स्टिअरिंग लॉक. चाकं वाकडी असताना लॉक झाली असतील तर गाडी तिरकी ओढली जाते, टाय रॉड एंडवर (स्टिअरिंग आणि चाक जोडणारा सांधा) आणि लॉकवर सगळा जोर येतो. चांगल्या व्हॅनवर छोट्या चाकांची ट्रॉली असते, ती पुढच्या चाकांखाली घालतात. नसेल तर नुसतीच ओढतात.

बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालतात, आणि बोलेरो तर आपल्याकडे घरटी आहे. ही पुढून उचलली आणि मागची चाकं फिरत राहिली तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, फिरतो, तो गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट फिरवतो. इंजिन बंद असल्यामुळे आतलं ऑइल वर उडत नाही, बेअरिंग कोरडं चालतं. एक-दोन किलोमीटरला मरत नाही. लांब न्यायची असेल तर मागून उचलायची, नाहीतर शाफ्ट काढायचा.

ऑटोमॅटिकमध्ये ऑइलचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, चालती चाकं जमिनीवर, म्हणजे आत तेल नाही. लिव्हर ‘पी’ वर असेल तर एका छोट्या खिट्टीवर सगळी गाडी अडलेली असते. जबरदस्तीने ओढली की ती खिट्टी तुटते. इलेक्ट्रिक गाडीची चालती चाकं फिरवली तर मोटर उलट वीज बनवायला लागते. कंपनीच्या पुस्तकात सपाट ट्रकवरच न्या असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. फोर-व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकवाल्या गाड्यांनाही तेच. किल्लीशिवाय तो ब्रेक सुटतच नाही.

यार्डात काय बघायचं: गाडी हलवायच्या आधी चारही बाजूंनी व्हिडिओ, किलोमीटरचा आकडा त्यात दिसू द्या. मग मोबाइलची बॅटरी लावून बंपरचा खालचा ओठ, खालचं प्लास्टिक कव्हर, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), आणि ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा) रबरी बूट. साखळीचा हूक त्या बुटात अडकला की चीर पडते. तेव्हा काही कळत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी ग्रीस संपून वळताना टकटक सुरू. बूट शे-पाचशेचा, शाफ्ट हजारांत. निघाल्यावर मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मधोमध राहतं का बघा. तिरकं राहत असेल तर त्याच दिवशी अलाइनमेंट तपासून छापील पट्टी घ्या, पुढे पुरावा म्हणून तीच कामाला येते.

पाचकंदील_धुळे

आमच्याकडे आग्रा रोडला तीच गत आहे, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पैसे भरायच्या आधी तपासणी, नंतर नाही. दंड भरला म्हणजे कलम २०० खाली गुन्हा मिटवला, मग ‘तिथे पाटीच नव्हती’ म्हणून भांडायला जागा उरत नाही. भांडायचं असेल तर चलानवरचा फोटो नीट बघा: नंबरप्लेट वाचता येते का, जागा आणि वेळ बरोबर आहे का, पाटी किंवा अडथळा दिसतो का. मग ॲपवरच्या तक्रारीत आपला त्या जागेचा फोटो जोडा. दुसऱ्याच गाडीचा फोटो असेल तर हे लवकर मिटतं. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत यायला हवी, केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ.

आणि पावत्या दोन मागा. दंड ई-चलानवर, टोइंगचा खर्च वेगळ्या पावतीवर, तारीख आणि गाडी नंबरासह. ‘सगळं मिळून एवढे द्या’ म्हटलं तर तिथेच थांबा. टोइंगचा दर ठेक्यात ठरलेला असतो. माहिती अधिकारात जोडपत्र ‘अ’ भरून, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून ठेक्याची प्रत आणि नो-पार्किंगची अधिसूचना दोन्ही मागता येतात, ३० दिवसांत उत्तर. व्यापारी संघटनेने हे एकदा मागवून दुकानांत लावलं तर अर्धी भांडणं मिटतील.

यार्डात जाताना लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी घेऊन जा. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन चालतं, आरसीचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालत नाही. विमा संपलेला निघाला तर वर २००० चं चलान आणखी. लग्नाच्या गडबडीत हेच होतं, गाडी मामाची आणि कागद मामाच्या घरी.

सुवर्णनगरी_१९

भारी माहिती दिली भो. पण गिऱ्हाइकात निम्म्या मोटारसायकली आणि स्कूटर. त्या तर चार पोरं हातानेच उचलून ट्रकात टाकतात. त्यात काय बघायचं?

गॅरेज_अजिंठाचौफुली

दोनचाकीला ओढण्याचा त्रास नाही, आदळण्याचा आहे. हँडल लॉक असताना हँडलला धरून उचलली तर लॉकची जीभ वाकते, किल्ली फिरायला जड जाते. साडीगार्ड आणि फूटरेस्ट शेजारच्या गाडीत अडकून वाकतात. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचं टोक तुटतं, डिस्कला धक्का लागून ती वाकली तर ब्रेक दाबताना ठोके येतात.

गाडी आडवी पडलेली असेल तर लगेच किक मारू नका. मेन स्टँडवर दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल भरून आलेलं असतं, वास येत असेल तर जवळ बिडी-सिगारेट नको. इंजिनचं ऑइल एअर फिल्टरमध्ये गेलं असेल तर सुरू झाल्यावर पांढरा धूर निघतो. थोडा वेळ निघून थांबला तर ठीक, थांबला नाही तर फिल्टर काढून बघा आणि ऑइलची पातळी तपासा. बीएस-६ गाडी सुरूच होत नसेल तर घाबरू नका. आडवी झाली की सेन्सर इंधन बंद करतो. सरळ उभी करून किल्ली बंद-चालू केली की बहुतेक चालू होते.

जॅमर लावलेला असेल तर ‘थोडी पुढे घेऊन बघू’ असं कुणी म्हणालं तरी गिअर टाकू नका. रिम आणि मडगार्ड दोन्ही जातात, आणि भरून द्यावा लागतो तो जॅमरही तुम्हालाच.

विमाकट्टा

नुकसान झालं तर विमा मागावा का, हे आलं नाही म्हणून. पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारा विमा) गाडी वाहून नेताना झालेलं नुकसान धरतात, निव्वळ थर्ड पार्टी असेल तर काही नाही. पण हिशेब करा: १५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले १००० मालकाचे, त्यापुढच्या कारला २०००. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा, आणि बंपर प्लास्टिकचाच असतो. वर नो-क्लेम बोनस जातो, जो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. झीरो डेप (घसारा न कापणारी जोडसोय) असेल तर घसारा वाचतो, बोनस वाचत नाही. बंपरच्या ओरखड्यासाठी क्लेम करू नका. लोअर आर्म, शाफ्ट, गिअरबॉक्सवर गेलं असेल तरच करा, आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने बघेपर्यंत गाडी खोलू नका.

कोर्टचौक

सुवर्णनगरीभाऊ, कागदावर एक ओळ वाढवा: कार्तिकी एकादशीच्या रथाला आणि विसर्जनाला तात्पुरत्या अधिसूचनेने रस्ते बंद होतात, नेहमी चालणारी जागाही त्या दिवशी नो-पार्किंग असते. आदल्या दिवशीचा पेपर बघून गिऱ्हाइकाला फोनवरच सांगा.

आणि तुमच्या संकुलाचा मंजूर नकाशा काढून बघा. तळमजल्याखाली पार्किंग दाखवलेलं असेल आणि तिथे गोदाम किंवा गाळे असतील तर मनपाच्या नगररचना विभागाकडे लेखी द्या, पोच घ्या. मंजूर वापर परवानगीशिवाय बदलला तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस निघू शकते. अर्ज संघटनेच्या लेटरहेडवर करा. एकट्याने केलात तर शेजारी बोलायचे बंद होतील.